जुना चेनसॉ घेताना सायलेन्सर उघडून बघा

बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या जुन्या चेनसॉचा (लाकूड कापायच्या इंजिनवरच्या साखळी-करवतीचा) पिस्टन आतून घासलेला असू शकतो.

१. इंजिनला हात लावा, गार हवं. आधीच तापवून ठेवलं असेल तर चहा घेत थांबा. खरं स्टार्टिंग गार मशीनवरच कळतं.

२. प्लगची कॅप काढा, सायलेन्सर खोलून काढा. स्टार्टरची दोरी हळू ओढत, सायलेन्सर होता तिथल्या भोकातून टॉर्चने पिस्टन बघा. उभे ओरखडे दिसले तर बहुधा पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल (साधारण लिटरला २० मिली) नीट मिसळलेलं नाही. अशी मशीन सुट्या भागांच्या भावातच मागा.

३. सायलेन्सर, कॅप बसवून चालू करा. बारचं (ज्यावर चेन फिरते त्या पट्टीचं) टोक पुठ्ठ्यासमोर धरून रेस द्या, चेनला तेल पोचत असेल तर त्यावर तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चेन-ब्रेक (फिरती चेन थांबवणारा ब्रेक) लागत नसेल तर तो दुरुस्त होईपर्यंत मशीन लाकडाला लावू नका.