लिनियर ग्रेडियंटची दिशा कशी ठरवावी

सांगलीच्या मार्केट यार्डातील एका हळद व्यापाऱ्याच्या संकेतस्थळासाठी १२०० पिक्सेल रुंद आणि ३०० पिक्सेल उंच बॅनर करायचा आहे आणि त्याच्या पार्श्वभूमीला गडद तपकिरीपासून हळदी पिवळ्यापर्यंत जाणारा ग्रेडियंट, म्हणजे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू बदलत जाणारी छटा, द्यायचा आहे, असे धरून चालू. सीएसएसमध्ये, म्हणजे वेबपानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेत, ग्रेडियंट हा रंग नसून प्रतिमा मानला जातो. म्हणून तो ‘बॅकग्राउंड-इमेज’मध्ये लिहावा. ‘बॅकग्राउंड-कलर’मध्ये लिहिल्यास ब्राउझर ती ओळ विचारातच घेत नाही.

‘लिनियर-ग्रेडियंट’च्या कंसात फक्त दोन रंग दिले, तर पहिला वर आणि दुसरा खाली येतो. दिशा द्यायची झाल्यास ती रंगांच्या आधी लिहून पुढे स्वल्पविराम द्यावा. ‘टू राइट’ लिहिले की तपकिरी डावीकडून सुरू होतो आणि उजव्या कडेला पिवळा येतो. यातील ‘टू’ कधीही गाळू नये. वेबकिट या ब्राउझर-इंजिनाचा उपसर्ग लावून लिहिण्याच्या जुन्या पद्धतीत नुसते ‘राइट’ लिहीत आणि त्याचा अर्थ ‘उजवीकडून सुरुवात’ असा होई, त्यामुळे जुन्या फाइलमधील ओळ वापरताना उपसर्ग काढून भागत नाही, बाजूही उलटी करावी लागते.

अंशांत दिशा देताना आकड्यापुढे ‘डेग’ (अंश) लिहितात; ० डेग म्हणजे वर, आणि तेथून कोन घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वाढतो: ९० उजवीकडे, १८० खाली, २७० डावीकडे. जुन्या पद्धतीत शून्य उजवीकडे असे आणि कोन उलट दिशेने फिरे. म्हणून जुना आकडा ९०मधून वजा केला की नवा मिळतो.

खरा घोटाळा होतो तो कोपऱ्यांपाशी. ‘टू टॉप राइट’ म्हणजे ४५ डेग, ही समजूत फक्त चौरसापुरती खरी आहे. कोपऱ्याचे नाव दिले की ब्राउझर असा कोन काढतो, की दोन्ही रंगांच्या बरोबर मधली छटा उरलेल्या दोन कोपऱ्यांना जोडणाऱ्या रेषेवर यावी. आपल्या बॅनरमध्ये हा कोन सुमारे १४ अंश भरतो, म्हणजे रंग जवळजवळ खालून वर चढताना दिसतात. तोच बॅनर मोबाइलवर ३६० बाय ३०० झाला की कोन सुमारे ४० अंशांवर जातो. ४५ डेग लिहिले असते, तर दोन्हीकडे तिरकेपणा तोच राहिला असता. म्हणून तिरकेपणा कायम हवा असेल तेथे अंश वापरावेत, आणि चौकटीचा आकार बदलला तरी रंग कोपऱ्यांना धरून राहायला हवेत तेथे कोपऱ्याचे नाव द्यावे.

या बॅनरवर मात्र पेढीचे नाव पांढऱ्या अक्षरांत डावीकडे येणार आहे, आणि पिवळ्यावर पांढरी अक्षरे वाचता येत नाहीत. त्यामुळे येथे ‘टू राइट’च योग्य ठरते. त्यातही तपकिरी रंगापुढे ‘४० टक्के’ हा थांबा दिला, तर तेथपर्यंत तो एकसारखा गडद राहतो आणि नावाचे शेवटचे अक्षरही स्पष्ट दिसते.