पंप आतून कसा चालतो ते बघा, मग घ्यायचा कसा ते पाठ करावं लागत नाही

आमच्याकडे इन्हेलरला कोणी इन्हेलर म्हणत नाही, पंप म्हणतात. आई लालबागला राहते, दम्याचा पंप कायम उशाशी, आणि गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला की अरे हा पंप फसवा निघाला, दाबला की नुसतं फुस्स होतं आणि छातीत काही जातच नाही. मी डॉक्टर नाही, साकीनाक्याच्या टूलरूममध्ये प्लास्टिकचे साचे बनवण्यात अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे मी आधी औषधाकडे नाही, वस्तूकडे बघितलं. आतलं नळकांडं काढलं, प्लास्टिक उजेडात धरलं तर आतल्या बारीक भोकावर पांढरा थर, टूथपेस्ट सुकल्यासारखा. पंप चांगलाच होता, भोक तुंबलं होतं. मग म्हटलं आता घेऊन दाखव, तर आणखी तीन चुका सापडल्या, आणि या चुका घरोघरी होतात म्हणून हे लिहितोय. औषध कुठलं, किती पफ, दिवसातून कितीदा हे तुमचे डॉक्टर सांगतील, त्यात मी पडत नाही.

आधी आत काय आहे ते बघा

पंप हातात घ्या आणि नळकांडं वर ओढून बाहेर काढा. एवढंच. नळकांड्याला सुरी, टोच्या, काही लावायचं नाही, आत बाहेरच्या हवेच्या सहा-सात पट दाब असतो, गाडीच्या टायरपेक्षा दुपटीहून जास्त. हातात आता दोनच वस्तू आहेत, अ‍ॅल्युमिनियमचं नळकांडं आणि एल आकाराचं प्लास्टिक. नळकांड्याच्या तोंडाशी छोटी नळी बाहेर आलेली दिसेल, ती व्हॉल्व्हची दांडी. खरी करामत तिच्यामागे आहे.

व्हॉल्व्हच्या आत इवलीशी खोली असते, 25 ते 100 मायक्रोलिटरची, बऱ्याच पंपांत 50 च्या आसपास, म्हणजे साधारण एक थेंब. दूधवाल्याचं माप आठवा, कॅनमध्ये बुडवलं की काठोकाठ भरतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तेवढंच मिळतं, तसंच हे. पंप नुसता पडलाय तेव्हा ही खोली नळकांड्याच्या बाजूला उघडी असते आणि औषधाने भरते. तुम्ही दाबलं की आधी नळकांड्याकडची वाट बंद होते आणि मगच बाहेरची वाट उघडते, त्यामुळे तुम्ही दहा सेकंद दाबून धरलं तरी एकच माप बाहेर येणार, जास्त नाही. बोट सोडलं की स्प्रिंग दांडीला मागे ढकलते आणि खोली परत भरते. घरातली फ्लशची टाकी अशीच ना, फ्लश केल्या केल्या परत ओढला तर अर्धवटच पाणी येतं.

आईची पहिली चूक हीच होती, एका श्वासात टक टक दोनदा दाबायची. दुसरी म्हणजे रात्री पडल्या पडल्या पंप आडवा धरून घ्यायची. खोली भरायला औषध खाली यावं लागतं, म्हणून नळकांड्याचा बूड वर आणि तोंडात धरायचा भाग खाली असाच पंप धरायचा, उठून बसून.

हे माप मूळचं दम्यासाठी बनलेलंच नव्हतं बरं का. 1955 मध्ये अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीज नावाच्या कंपनीचे प्रमुख होते जॉर्ज मेसन, त्यांच्या मुलीला दमा, तेव्हा औषध रबरी फुगा दाबायच्या काचेच्या फवाऱ्याने घ्यायला लागायचं, तर तिने विचारलं की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं डब्यात का नाही मिळत. कंपनीने अत्तरासाठी बनवलेला मापाचा व्हॉल्व्ह उचलला आणि 1956 मध्ये पंप बाजारात आला. आज पण आतली गोष्ट बरीचशी तीच आहे, बदलला तो मुख्यतः औषध बाहेर ढकलणारा गॅस. पूर्वी सीएफसी असायचा, 1987 च्या माँट्रियल करारानंतर ओझोनसाठी तो हळूहळू बंद केला आणि एचएफए आला.

आता घ्यायचं कसं

टोपी काढा आणि तोंडाच्या भागात डोकावून बघा. ही स्टेप लोकांना येडपट वाटते. पण बिनटोपीचा पंप पर्समध्ये असतो, त्यात चिल्लर, सेफ्टी पिन, टिकलीचं पाकीट, आणि पंपात अडकलेलं नाणं श्वासाबरोबर आत ओढलं गेल्याच्या केसेस खऱ्याखुऱ्या झाल्यात. लोकलमध्ये चढताना खांद्यावरच्या बॅगेत काय कुठे जातं ते आपल्याला माहितीये, त्यामुळे टोपी हरवली असेल तर नुसतं चालवून घेऊ नका.

मग चार-पाच वेळा चांगलं हलवा. सालब्युटामॉल म्हणजे दम लागल्यावर श्वासनळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या पंपात औषध विरघळलेलं नसतं, बारीक पूड द्रवात तरंगत असते, हळद घातलेल्या दुधासारखी, ठेवलं की वेगळी होते. हलवून झाल्यावर पदराला हात पुसत, चष्मा शोधत बसलात तर ती परत वेगळी होणार, म्हणून हलवलं की लगेच घ्या. एका दाबात सालब्युटामॉल असतं 100 मायक्रोग्रॅम, असे 200 पफ म्हणजे अख्ख्या नळकांड्यातून मिळणारं औषध 20 मिलिग्रॅम, मिठाच्या चिमटीहूनही कमी, त्यामुळे एक माप पातळ आणि एक घट्ट आलेलं परवडत नाही. पंप नवीन असेल किंवा बरेच दिवस पडून असेल तर पहिले काही दाब हवेत सोडायचे, किती ते पाकिटातल्या कागदावर असतं, प्रत्येक औषधाचं वेगळं.

आता श्वास पूर्ण बाहेर सोडा, पंपात नाही, बाजूला. पंप दातांच्या मध्ये, ओठ घट्ट, जीभ खाली. हळू श्वास घ्यायला सुरुवात करा आणि सुरुवात झाली की लगेच दाबा, आणि दाबल्यावर पण श्वास चालूच, चार-पाच सेकंद सावकाश आत. मग दहा सेकंद रोखून धरा, जमेल तेवढं.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून जरा थांबतो. हा गॅस उणे 26 डिग्रीलाच उकळतो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भोकातून बाहेर पडला की क्षणात त्याची वाफ होते आणि औषधाचे कण उरतात. आत खोलवर पोचायला कण 1 ते 5 मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या मापातले, लागतात, आपला केस साधारण 70 मायक्रॉन जाड. मोठे कण घशावर आदळतात. तुम्ही जोरात सुर्रकन ओढलंत तर बारीक कण पण वेग धरतात आणि घशाच्या वळणावर वळत नाहीत. बेस्टची बस दादरच्या खोदादाद सर्कलला जोरात वळली की दांडा न धरलेला माणूस सरळ समोरच्याच्या अंगावर जातो ना, तेच. सावकाश वळली तर सगळे उभे. आणि गॅस गार असतो, तो टाळूला लागला की काहीजण दचकून श्वासच थांबवतात, मग औषध तोंडातच राहतं. आईची तिसरी चूक ही होती, दाबायची आणि थांबायची.

दुसरा पफ असेल तर अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, परत हलवा, परत पहिल्यापासून. स्टेरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून थुंकून टाका, नाहीतर तोंडात बुरशी येते.

टायमिंग जमतच नसेल तर स्पेसर घ्या, त्यात लाज कसली. पोकळ प्लास्टिकचा डबा, त्यात फवारा थांबतो, वेग मरतो, मोठे कण भिंतीला चिकटतात आणि बारीक कण तुम्ही निवांत ओढता. माझं तर स्पष्ट मत आहे की लहान मुलं आणि सत्तरीच्या पुढच्या माणसांना नुसता पंप देऊच नये. एका वेळी एकच पफ सोडायचा, दोन-तीन सोडून ठेवले तर कण एकमेकांना चिकटून खाली बसतात. स्पेसर धुवायचा साबणाच्या कोमट पाण्यात आणि फडक्याने पुसायचा नाही, पुसलं की प्लास्टिकवर स्टॅटिक वीज येते आणि औषध भिंतीलाच ओढलं जातं. तसाच उभा करून सुकू द्या.

धुणं आणि मोजणं

सालब्युटामॉलच्या पंपाचं प्लास्टिक आठवड्यातून एकदा धुवा. नळकांडं काढून बाजूला, ते पाण्यात घालायचं नाही, टोपी काढून प्लास्टिक नळाच्या कोमट पाण्याखाली अर्धा मिनिट वरून, अर्धा मिनिट खालून, झटका, रात्रभर सुकू द्या, पावसाळ्यात पंख्याखाली. ओलं असताना नळकांडं बसवू नका. आणि त्या भोकात सुई घालायची नाही!! साच्यात ते भोक पाडणारी पिन सुईपेक्षा बारीक असते, जरा वाकली की अख्खा लॉट बाद, आणि तुम्ही घरी दाभण घालून भोक मोठं केलंत तर कण मोठे पडतात, फवारा भरपूर दिसतो आणि सगळा घशात. बाकी औषधांच्या पंपांचं धुणं कागदावर बघूनच करा, सगळ्यांचं एकसारखं नाही.

संपला की नाही ते कसं कळणार? आईला कोणीतरी सांगितलेलं की नळकांडं पाण्याच्या भांड्यात टाक, तरंगलं की संपलं. नका करू, त्यातून नक्की काही कळत नाही आणि पाणी व्हॉल्व्हमध्ये जातं. हलवून आवाज ऐकणं पण तसंच, 200 पफ झाल्यावर पण आत गॅस उरलेला असतो, फुस्स होतं, पण मापात औषध किती आलं याचा भरवसा नाही. पंपावर उरलेले पफ दाखवणारा काउंटर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर भागाकार करा, दिवसाला 8 पफ तर 25 दिवस, आणि ती तारीख पंपावर मार्करने लिहा. लागेल तसाच घेत असाल तर कॅलेंडरवर रेघा मारा, आई दुधाच्या खाड्यांशेजारी मारते.

पावडरवाला असेल तर उलटं

रोटाहेलरसारख्या कॅप्सूलच्या यंत्रात गॅस नसतोच, ढकलायची ताकद तुमच्या श्वासाची. औषधाचे बारीक कण लॅक्टोजच्या, म्हणजे दुधातल्या साखरेच्या, मोठ्या कणांना चिकटलेले असतात आणि ते सुटे व्हायला जोराचा झोत लागतो, म्हणून इथे सावकाश नाही, पहिल्यापासून जोरात आणि खोल. पंपाच्या सवयीने हळू ओढलं तर पावडर यंत्रातच. यंत्रात फुंकर मारायची नाही, वाफेने पावडरचे गोळे होतात. मुंबईच्या जुलैमध्ये हीच खरी भानगड, कॅप्सूल घ्यायच्या वेळीच बाटलीतून काढा, हात कोरडे करून, आणि बाथरूमच्या कपाटात तर ठेवूच नका.

पंप मात्र उन्हापासून जपा, पार्किंगमधल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको. संपलेला पण जाळायच्या कचऱ्यात टाकायचा नाही, फुटतो. आणि एकाचं नळकांडं दुसऱ्याच्या प्लास्टिकमध्ये बसवू नका, बसलं तरी. भोक त्या त्या औषधाच्या हिशोबाने पाडलेलं असतं, त्यामुळे नळकांडं संपलं की प्लास्टिकही गेलं. आईच्या बिस्किटाच्या डब्यात अशी सात निघाली, लागतील कधीतरी म्हणून धुऊन ठेवलेली.