आवृत्ती नवी, पण चालू असलेला प्रोग्राम कोणता?

डेबियन या लिनक्स प्रणालीवरचे सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवणे म्हणजे ‘एपीटी-गेट अपडेट’ आणि त्यामागोमाग ‘एपीटी-गेट अपग्रेड’ या, सॉफ्टवेअर बसवणाऱ्या एपीटी या साधनाच्या, दोन आज्ञा देणे, एवढीच माझी समजूत नोकरीच्या पहिल्या वर्षी होती. पहिली आज्ञा फक्त पॅकेजांची (म्हणजे बसवायला तयार सॉफ्टवेअर-गठ्ठ्यांची) यादी ताजी करते आणि पॅकेजे प्रत्यक्षात दुसरीमुळे बदलतात, हे लवकर कळले. बाकीचे कळायला एप्रिल २०१४ उजाडावा लागला.

७ एप्रिलला ओपनएसएसएल या, वेब सर्व्हरसारखे प्रोग्राम माहिती कूटबद्ध करण्यासाठी वापरतात त्या लायब्ररीतला (सामायिक कोडमधला), मेमरीतली गुपिते फोडणारा ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. दुरुस्त आवृत्ती १.०.१जी असल्याचे वाचून मी सर्व्हर अपग्रेड केला आणि तपासले, तर आवृत्ती १.०.१ई! घाबरून मी ‘जी’चा सोर्स (मूळ कोड) उतरवून स्वतःच कंपाइल करायला बसलो होतो, वरिष्ठांनी वेळीच थांबवले. डेबियनच्या स्थिर शाखेत सहसा नवी आवृत्ती न घेता जुनीतच तेवढी दुरुस्ती बसवतात, म्हणून आवृत्तीच्या शेपटाकडे पाहायचे असते: तिथे ‘डेब७यू५’ असल्यामुळे आमचे पॅकेज दुरुस्तच होते. उलट हाताने बसवलेल्या प्रतीची एपीटीला खबरच नसते, त्यामुळे पुढच्या दुरुस्त्या तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

इतके होऊनही आमचा वेब सर्व्हर सदोषच होता. युनिक्समध्ये फाइल काढून टाकली, तरी जो प्रोग्राम ती उघडून बसला आहे त्याच्यापुरती ती शिल्लक राहते. आमचा सर्व्हर कित्येक आठवडे अखंड चालू होता आणि त्याच्या मेमरीत ओपनएसएसएलची जुनीच लायब्ररी होती. रीस्टार्ट केल्यावरच दोष गेला. (फुटल्या असू शकतील अशा, सर्व्हरच्या कूटबद्धतेच्या खासगी किल्ल्या आणि प्रमाणपत्रे बदलण्याचे काम वेगळेच, आणि त्याहून कंटाळवाणे.) डेबियनच्या पुढच्या ‘यू६’ दुरुस्तीत रीस्टार्ट कराव्या लागणाऱ्या आणखी काही सेवा तपासण्याची सोय केलेली होती. आता मी प्रत्येक अपग्रेडनंतर कोणत्या सेवा रीस्टार्ट कराव्या लागतील ते सांगणारे ‘नीडरीस्टार्ट’ चालवतो, आणि कर्नल (प्रणालीचा गाभा) बदलला असेल तर रीबूटची वेळ आधीच ठरवून घेतो. सुरक्षा-दुरुस्त्या आपोआप बसवणारे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ जरूर वापरावे, पण रीस्टार्टकडे स्वतः लक्ष ठेवावे.

अपग्रेड चालू असताना, तुम्ही बदललेल्या एखाद्या कॉन्फिगरेशन फाइलबद्दल प्रश्न आला, तर घाईने ‘वाय’ (म्हणजे पॅकेजमधली नवी फाइल घ्या) दाबू नये; ‘डी’ दाबून आधी फरक पाहावा. चुकून ‘वाय’ दाबले गेलेच, तर आपली जुनी फाइल त्याच फोल्डरमध्ये ‘डीपीकेजी-ओल्ड’ असे शेपूट लावून ठेवलेली सापडते.