नव्या संशोधनावरून रक्तदाबाचे औषध वाढवावे का, हे कसे ठरवावे

नाशिक परिसरात नुकताच दवाखाना थाटलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहीत आहे. समजा, निफाडकडचे अडुसष्ट वर्षांचे द्राक्ष बागायतदार समोर बसले आहेत. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू असूनही वरचा रक्तदाब १३८ भरतो, आणि तो १२० च्या खाली आणायला नको का, असे त्यांचा मुलगा विचारतो आहे.

या प्रश्नामागे अमेरिकेतला २०१५ साली प्रसिद्ध झालेला ‘स्प्रिंट’ हा अभ्यास आहे. त्यात एका गटाचा वरचा रक्तदाब कडक उपचारांनी १२० च्या खाली आणायचा होता, तर दुसऱ्याचा १४० च्या खाली. ९,३६१ जणांपैकी कोण कोणत्या गटात जाणार, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेले नव्हते, आणि त्याचे वजन मुख्यतः यामुळेच आहे. एरवी धडधाकट माणसांनाच कडक उपचार दिले जातात आणि श्रेय औषधाला मिळते. हृदयविकार, पक्षाघात यांसारख्या घटना २५ टक्क्यांनी घटल्या, हे खरे. परंतु टक्केवारीवर न थांबता मूळ आकडे काढावेत. हजार माणसांमागे वर्षाला सुमारे २२ घटना होत होत्या, त्या १६-१७ वर आल्या. हा लाभ मोलाचाच आहे, मात्र कडक उपचारांच्या गटात रक्तदाब फार उतरणे, भोवळ येणे आणि मूत्रपिंडाला इजा होणे हेही अधिक आढळले. मुलाला दोन्ही बाजू एकाच दमात सांगाव्यात.

त्यानंतर अभ्यासात कोणाला घेतले नव्हते, हे पाहावे. माझ्या मते हीच पायरी सर्वाधिक वेळा गाळली जाते. ‘स्प्रिंट’मध्ये मधुमेही नव्हते. मधुमेहींवरच्या २०१० सालच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ या अभ्यासात पक्षाघात कमी झाले, तरी एकूण घटनांमध्ये ठोस फरक दिसला नाही. पुढे २०२४ मध्ये चीनमधल्या बारा हजारांहून अधिक मधुमेहींवरच्या अभ्यासात मात्र लाभ दिसला. म्हणून एका शोधनिबंधावर विसंबू नये आणि पाच वर्षांपूर्वीचे आपले उत्तर आजही तेच आहे, असे धरून चालू नये.

मोजमापाकडेही बारकाईने पाहावे. ‘स्प्रिंट’मध्ये रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवून, यंत्राने तीनदा मोजून सरासरी काढत असत. एसटीतून उतरून, जिना चढून आलेल्या माणसाचा लगेच घेतलेला १३८ हा आकडा त्याच्याशी ताडता येत नाही. आधी तसाच बसवून पुन्हा मोजावा, शिवाय उभे करूनही मोजावा, कारण एप्रिल-मेच्या उन्हात बागेत काम करणाऱ्याला उभ्याने रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा धोका अधिक असतो.

रक्तातले क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) आणि पोटॅशियम ठीक असतील, उभ्याने रक्तदाब फारसा उतरत नसेल आणि जादा गोळी व वरचेवर तपासणी रुग्णाला स्वतःला मान्य असेल, तर एकच औषध थोड्या मात्रेने वाढवावे, महिन्याभरात रक्तदाब व रक्त पुन्हा तपासावे, आणि भोवळ आल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता कळवायला सांगावे.