लव्हाळ्याच्या गाठी काढायच्या कशा

परसात लव्हाळा, हे गवतासारखं चिवट तण, शिरला की पहिली पाती उपटली जातात. तेवढं करू नका. पात बुडाशी तुटते, गाठ जमिनीतच राहते आणि शेंडा गेल्यामुळे तिच्यावरचे झोपलेले डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, जागे होतात. एका कोंबाच्या जागी दोन-तीन फुटतात.

आधी एक रोप टिकावाने खोलवर, अलगद उकरून बघा. पांढऱ्या बुडाखाली बोराच्या बीएवढी काळी, केसाळ गाठ असते. तिच्यातून तारेसारखा चिवट दोरा निघतो, त्याला दुसरी गाठ, पुढे तिसरी. नखाने फोडली तर आत पांढरी, आणि वास थेट उटण्याचा! ही माळ मोडायची तर भांगलणीचं खुरपं पुरत नाही.

खरं काम एप्रिल-मे महिन्यांत. वाफ्याचं पाणी तोडा, वीतभर खोल खणा आणि ढेकळं उलथी टाकून तापू द्या. बहुतेक गाठी तेवढ्यातच असतात, आणि आतला ओलावा गेला की मरतात. आठवड्याने ढेकळं फिरवा, म्हणजे खालची बाजूही भाजेल. वळीव झाला तर उरलेल्या गाठी फुटतील. कोंब चार पानांचे व्हायच्या आत पुन्हा खणा. फुटलेल्या गाठीतला साठा खर्च झालेला असतो. वेचलेल्या गाठी खतखड्ड्यात कधीच टाकू नका. मी त्या पत्र्यावर कडकडीत वाळवते.

मृगाच्या पावसावर तिथे ताग दाट पेरा. लव्हाळ्याला सावली सोसत नाही. ताग फुलायला लागला की मातीत गाडा. ताग नको असेल तर रताळ्याचे वेल पसरू द्या. प्लॅस्टिकच्या मल्चिंग पेपरवर मात्र पैसे घालू नका, कोंबाचं टोक तो सहज भोसकतं.

हरळीची रीत वेगळी. तिच्या प्रत्येक पेराला मूळ फुटतं, म्हणून फावड्याने तुकडे न करता दाताळ्याने माती सैल करून लांबच्या लांब ओढून काढा. गणपतीच्या दूर्वा हव्यात तर कुंडीत लावा, बांधावर नको. गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटलं की झालं.

तणनाशकाचं बरेच जण विचारतात. ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांनीच वापरावं, असं बंधन केंद्र सरकारने २०२२ साली घातलं. ते नसतं तरी जिथली कोथिंबीर खुडून लगेच ताटात येते, तिथे मी ते मारलं नसतं.

आणि विकतची माती! लव्हाळा बहुतेकदा तिच्यातूनच घरात येतो, नाहीतर नर्सरीच्या पिशवीतून. ट्रॉली ओतून घेण्याआधी घमेलंभर माती आणा, ओली करून पंधरा दिवस उन्हात ठेवा. एक जरी टोकदार हिरवा कोंब वर आला, तरी ती माती घेऊ नका.