पावसाआधी अंगणाचा उतार: फुटाला एक सूत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या दुकानात ताडपत्री, प्लास्टिकचा कागद आणि फावडी यांना उसंत नसते. लांज्याच्या बाजारपेठेतलं हे हार्डवेअरचं दुकान आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं आणि गेली अठरा वर्षं मी सांभाळते आहे. खिळे आम्ही अजून किलोवर तोलून देतो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, खरेदी करायला माणसं येतात आणि दर वर्षी कुणी ना कुणी विचारतं, "ताई, अंगणात पाणी तुंबतं. सिमेंटच्या किती गोणी लागतील?" मी आधी विचारते, उतार मोजलात का? बहुतेकांनी मोजलेला नसतो. सिमेंटने उतार बदलत नाही. तुंबणाऱ्या अंगणावर कोबा घातला तर पाणी कोब्यावर तुंबतं, आणि पुढच्या वर्षी तो फोडायचा खर्च वर येतो.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 20 फूट बाय 30 फुटांचं अंगण साधारण 56 चौरस मीटर भरतं. एका दिवसात 100 मिलिमीटर पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतोच, तर नुसत्या त्या अंगणावर 5600 लिटर पाणी येतं. हजार लिटरच्या साडेपाच टाक्या. छपरावरून उतरणारं पाणी वेगळंच. हे सगळं घराच्या जोत्याकडे जाणार की जोत्यापासून दूर, एवढा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर 7-8 जूनला मृग लागण्याआधी मिळालेलं असावं. काम 15 मेपर्यंत उरका.

आधी किरकोळ कामं. पन्हळीतला पाला काढा. अंगणावर आलेल्या सुक्या फांद्या आणि माडाच्या लोंबत्या झावळ्या उतरवा. तारेला टेकलेली फांदी मात्र स्वतः तोडू नका, महावितरणला कळवा. गवत कोयत्याने किंवा विळ्याने काढा. तणनाशक मारून मोकळं होण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. पहिल्याच मोठ्या सरीत ते धुपून विहिरीकडे जाऊ शकतं.

वळवाची सर आली तर पाऊस थांबल्याबरोबर बाहेर जा आणि जिथे जिथे पाणी साचलंय त्या डबक्यांच्या कडेने चुन्याची भुकटी टाकून ठेवा. दुरुस्ती कुठे करायची ते कळायला एवढं पुरतं. उतार किती द्यायचा ते मात्र त्यावरून कळत नाही.

आता उतार. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून इथेच थांबून बोलते.

दुकान हातात घेतलं त्याच्या दुसऱ्या वर्षी घर आणि गोदाम यांच्यामधलं परस मी नव्याने करून घेतलं. मोजमाप डोळ्यांनी. कडेला जांभ्याचा जुना गडगा, म्हणजे दगडी कुंपण, होतं, त्याचा माथा सरळ आहे असं धरून मी त्याच्या खाली खाली उतरत जाणारा मुरूम पसरवला. दिसायला अंगण व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, झुकलेलं होतं. खरं म्हणजे गडगाच घराकडे झुकलेला होता, जमिनीचा मूळचा कल धरून बांधलेला. जुलैतल्या एका रात्री पाणी गोदामाच्या दारातून आत आलं आणि सिमेंटच्या थप्प्यांमधली खालची सगळी रांग दगड झाली. बाबा मला एक शब्द बोलले नाहीत. त्याचंच जास्त लागलं.

तेव्हापासून 'डोळ्यांना दिसतो की उतार' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. गडगा, रस्ता, शेजारचं छप्पर यांतलं काही ना काही तिरपं असतंच आणि डोळा त्याच्याशी तुलना करतो. मोबाईलमधलं लेव्हल जमिनीवर ठेवून पाहणंही तितकंच निरुपयोगी. ते वीतभर जागेचा कल सांगतं, तुम्हाला तीस फुटांचा हवा असतो. बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा, असंही सांगतात. मेमधली कोरडी जमीन ती बादली तिथल्या तिथे पिऊन टाकते.

लागते ती लेव्हलची नळी. गवंडी वापरतात ती, पारदर्शक, आतून 8 ते 10 मिलिमीटर, लांबी 15 मीटर. सोबत नायलॉनची दोरी, खुंट्या, मोजपट्टी आणि एक माणूस. एकट्याने हे काम होत नाही.

नळी भरताना नळाला लावू नका, हवा आत जाते. भरलेली बादली उंचावर ठेवा, नळीचं एक टोक तळाशी बुडवा, दुसऱ्या टोकाने ओढून पाणी सुरू करा आणि बुडबुडे दिसायचे थांबेपर्यंत वाहू द्या. दोन्ही टोकांना फूटभर रिकामं राहील इतकंच पाणी ठेवा. पाण्यात नीळ टाकली की वाचायला सोपं जातं. मग नळी नखशिखांत तपासा. मधे एक बारीक बुडबुडा अडकला असला तरी सगळी मापं चुकतात. बुडबुडा दिसला तर नळीवर टिचक्या मारत त्याला टोकाकडे न्या, नाही हलला तर पुन्हा भरा. शेवटी दोन्ही टोकं शेजारी शेजारी धरून बघा. दोन्हीकडे पाणी एका रेषेत नसेल तर कामाला हात लावू नका.

त्या गोदामाच्या प्रकारानंतर एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला ही नळी धरायला शिकवली. मी पहिल्यांदा धरली तेव्हा दहा मिनिटं झाली तरी माप जमेना. एकदा दोन इंच वर, एकदा खाली. ते लांबून ओरडले, "अगो, अंगठा काढ आधी!" चालताना पाणी सांडू नये म्हणून मी टोकावर अंगठा दाबला होता आणि तसाच ठेवला होता. अंगठा असला की आत हवा कोंडते आणि पाणी समपातळीला येत नाही. चालताना दोघांनी अंगठे ठेवायचे, वाचताना दोघांनी काढायचे. आजही नळी विकताना मी हे सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडत नाही.

आता माप. जोत्याला लागून जमीन जिथे यायला हवी आहे, तिथून बरोबर 12 इंच वर भिंतीवर पेन्सिलने खूण करा. जोतं निदान फूटभर उघडं राहिलं पाहिजे. मुरूम ओटीपर्यंत चढवणारे लोक भिंतीत ओल ओढवून घेतात. भिंतीपासून 10, 20 आणि 30 फुटांवर एका रेषेत खुंट्या ठोका. एकाने नळीचं टोक भिंतीवरच्या खुणेशी धरायचं, दुसऱ्याने खुंटीशी. खुंटीकडच्याने आपलं टोक हळूहळू वर-खाली करायचं. भिंतीकडचं पाणी खुणेवर येऊन स्थिर झालं की तिकडून हाक द्यायची आणि खुंटीकडच्याने आपल्या बाजूचं पाणी जिथे आहे तिथे खूण करायची. पाणी बराच वेळ डोलतं, ते पूर्ण थांबू द्या. घाई करणाऱ्याची खूण सहज अर्ध्या इंचाने चुकते.

मधे पाणी सांडलं तर बिघडत नाही, पण तेव्हाचं माप दोन्ही टोकांना नव्याने घ्या. अर्धी नळी उन्हात आणि अर्धी सावलीत ठेवू नका, तापलेलं पाणी फुगतं आणि फरक पडतो. मी हे काम सकाळी आठच्या आत करते. सगळ्या खुणा झाल्या की नळीची टोकं अदलाबदल करून लांबच्या खुंटीचं माप पुन्हा घ्या. दोन्ही वेळा खूण एकाच जागी आली तरच पुढे जा.

खुणांवरून दोरी ताणा. ही दोरी समपातळीत आहे. मधल्या खुंट्या गाळू नका, तीस फुटांची दोरी कितीही ताणली तरी पोटात झोळते. आता दोरीपासून खाली मोजायचं. नियम एकच: फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दहा फुटांना दहा सूत, म्हणजे सव्वा इंच. भिंतीशी दोरीखाली जमीन 12 इंचांवर असेल, तर 10 फुटांवर ती सव्वातेरा इंचांवर हवी, 20 फुटांवर साडेचौदा आणि 30 फुटांवर पावणेसोळा. दर खुंटीशी ही मापं लिहून ठेवा. फरशी किंवा कोबा असेल तर एवढा उतार पुरतो. नुसत्या मातीच्या अंगणाला मी फुटाला दोन सूत देते, कारण माती खडबडीत असते आणि पाण्याला अडवते. त्याहून जास्त देऊ नका, पाणी धावतं आणि माती घेऊन जातं.

मापं हातात आली की बाकीचं काम मेहनतीचं आहे, अवघड नाही. उंचवटा टिकावाने काढा, खोलगटात मुरूम भरा. लाल माती किंवा राडारोडा भरू नका, दोन्ही पहिल्या पावसात बसतात. मुरूम चार इंचांच्या थराने, पाणी शिंपडत, धुम्मसाने चोपत भरा. सैल चार इंच चोपल्यावर साधारण तीन होतात, त्या हिशेबाने आणा. भरून झाल्यावर दोरीखालचं माप पुन्हा घ्या.

खालच्या टोकाला पाण्याला वाट हवी. व्हाळ, पऱ्या, सार्वजनिक गटार, काहीही चालेल, पण शेजाऱ्याच्या गडग्यातल्या भोकातून पाणी सोडू नका. छपराच्या पागोळ्या जोत्यालगत पडत असतील तर तिथे चिऱ्याची पट्टी बसवा, नाहीतर पाणी तिथेच चर खोदतं.

चिऱ्याच्या किंवा फरशीच्या अंगणावर शेवाळ धरतं. तारेच्या ब्रशने घासून ब्लिचिंग पावडरचं पाणी टाका, दहा मिनिटांनी धुवा. ब्लिचिंग पावडर आणि संडास धुवायचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि श्वास कोंडतो. दोन्ही वस्तू एकाच पिशवीत मागणाऱ्याला मी त्या वेगळ्या बांधून देते आणि कारण सांगते.

झाडांचं थोडक्यात: उन्हाळ्यात पाणी धरायला केलेली आळी आता मोडा आणि माती बुंध्याकडे ओढा. पपईच्या मुळाशी पाणी साचलं तर झाड जातंच, तिला उंचवट्यावरच लावा.

पाऊस सरल्यावर दसऱ्याच्या सुमारास मातीचं अंगण पुन्हा चोपून सारवायचं असतं. तेव्हा खुंट्या उपटून टाकू नका, त्यांवरच्या खुणांवरून कुठे किती धूप झाली ते मोजता येतं. आणि नळीतलं पाणी काढून ती सैल गुंडाळून माळ्यावर काळोखात ठेवा. उन्हात राहिली की पिवळी पडते, आणि पुढच्या मे महिन्यात आतलं पाणी दिसत नाही.