वर्षाचं धान्य भरताय? या चुका टाळा

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात आला की घरोघरी एकच चर्चा सुरू होते: यंदा किती पोती घ्यायची? मे संपायच्या आत दारात टेम्पो लागतो, गच्चीवर जुन्या साड्या आणि चादरी अंथरल्या जातात, कोठ्या भरतात. आणि श्रावणात पुरणपोळीसाठी म्हणून कोठी उघडावी, तर तळाशी पांढरी भुकटी आणि वर चालणारे सोंडे. मग दुकानदाराने जुना माल दिला असं म्हणून सगळे मोकळे होतात. कधी कधी ते खरंही असतं. पण बहुतेक वेळा गडबड आपल्याच हातून, खरेदीच्या आणि भरण्याच्या त्या आठ दिवसांत झालेली असते.

सगळंच वर्षाचं भरणं

गहू, ज्वारी, तांदूळ आणि तूरडाळ एवढ्याच गोष्टी साधारणपणे वर्षभर धरतात, त्याही नीट वाळवल्या तर. बाजरी दाण्याच्या रूपात काही महिने राहते, पण तिच्यात तेलाचा अंश जास्त असल्यामुळे पीठ आठ-दहा दिवसांतच कडू लागतं. थंडीच्या दिवसांपुरती बाजरी आणावी आणि दर आठवड्याला लागेल तेवढीच दळावी. मूग, मटकी, चवळी, छोले ही कडधान्यं भुंगेऱ्यांची लाडकी. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत ती तीन महिन्यांपेक्षा जास्त भरू नका. शिवाय जुना हरभरा आणि राजमा शिजता शिजत नाही. त्यात गॅस जळतो आणि वाचलेले दोन रुपये तिथेच जातात. रवा, मैदा, बेसन, पोहे यांचा मोठा साठा तर करूच नये.

प्रत्येक धान्याचा हंगामही वेगळा असतो, हे विसरून सगळं मे महिन्यातच उरकलं जातं. नवी तूरडाळ फेब्रुवारी-मार्चपासून येते. मंगळवेढ्या-सोलापूरकडची रब्बीची मालदांडी ज्वारीही त्याच सुमारास निघते. भात मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलं जातं. त्यामुळे मे महिन्यात "नवा तांदूळ" म्हणून जो मिळतो, तो सहा महिन्यांचा असतो. त्यात वावगं काहीच नाही. उलट मोकळा भात आवडत असेल, तर कोलम वर्षभर जुना झालेलाच बरा, कारण नव्या तांदळाचा भात चिकट होतो. इंद्रायणी मुळातच चिकट असते, तिथे नवं-जुनं याचा फारसा विचार करायला नको.

अंदाजाने पोती सांगणं

"गेल्या वर्षी दोन पोती लागली होती" हे माप नव्हे. गेल्या वर्षी मुलगा घरी होता, आता वसतिगृहात आहे. किंवा आता सासूबाई रात्री भाकरी खातात. दोन महिने दळणाच्या तारखा आणि वजन कॅलेंडरवर लिहून ठेवा, तेवढं पुरे.

तोवर हा हिशेब वापरा. मध्यम आकाराच्या एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं. चौघांच्या घरात दिवसाला २० पोळ्या होत असतील, तर ६०० ग्रॅम, म्हणजे महिन्याला १८ किलो. इथे लोक सरळ बाराने गुणतात आणि २१६ किलो भरतात. पण मे महिन्यात भरलेला गहू पुढच्या मार्चपर्यंतच पुरायला हवा, कारण तेव्हा नवा बाजारात येतोच. म्हणजे १० महिन्यांचे १८० किलो. सुट्टीत गावी जाणं, लग्नकार्यं, बाहेरची जेवणं यात आणखी थोडे कमी. जास्तीचे ते ३५-४० किलो दरवर्षी तळाशी उरतात, त्यावर नवा गहू ओतला जातो, आणि कीड एका वर्षातून दुसऱ्या वर्षात जाते ती नेमकी तिथून.

फक्त भावातला फरक पाहणं

समजा हंगामात गहू ३६ रुपये किलो आहे आणि पुढे वर्षभर सरासरी ४१ ने पडतो. १८० किलोवर ५ रुपयांप्रमाणे ९०० रुपये वाचले, असं वाटतं. आता खर्च धरा. टेम्पो आणि हमाली २५०. ६,४८० रुपये एकदम गुंतले, त्यातले सरासरी निम्मे १० महिने अडकून राहिले. ७ टक्क्यांनी त्याचं व्याज साधारण १९०. उरले ४६०. यातून १३ किलो गहू किडीने खाल्ला, की बचत शून्य. पंधरा किलो गेला, तर ८० रुपयांचा तोटा, आणि निवडण्या-चाळण्याची मेहनत वर.

क्रेडिट कार्डावर किंवा हप्त्याने धान्य भरणं तर अजिबात नको. महिना ३ टक्के व्याज लागलं, तर पहिल्याच महिन्यात ६,४८० वर १९४ रुपये जातात. हातात रक्कम नसेल, तर तीन-तीन महिन्यांचं घ्या, त्यात कमीपणा काही नाही. भाड्याचा खर्च कमी करायचा असेल, तर इमारतीतल्या तीन-चार घरांनी मिळून एकच टेम्पो मागवावा. हा एक बदल ज्यांनी केला, त्यांचा हिशेब सगळ्यात आधी सुधारतो.

पोत्याचा भाव विचारणं

भाव नेहमी किलोचा विचारा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या पॅकबंद धान्यावर ५ टक्के जीएसटी लागू झाला. तेव्हापासून हा कर टाळायला दुकानात २६ किलोच्या आणि ३० किलोच्या बॅगा दिसू लागल्या. शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन बॅगांमध्ये २५, २६ आणि ३० किलो माल असू शकतो, आणि पाटीवर किंमत मात्र "बॅगेची" असते. पोत्यातलं धान्य घेताना रिकाम्या बारदानाचं वजन वजा झालं का, काट्यावर पडताळणीचा शिक्का आहे का, हे विचारायला लाजू नका. "मशीन क्लीन" गहू किलोमागे दोन-तीन रुपये महाग असेल, तर आधी साध्या गव्हाचे एक किलो घरी आणून चाळा. खडे, माती, काडीकचरा मिळून ३०-४० ग्रॅमच निघत असेल, तर साधा गहू परवडतो. शंभर ग्रॅमच्या घरात गेला, तर सरळ साफ केलेलाच घ्या.

ओलसर धान्य भरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

गव्हा-तांदळातल्या सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून तोंड बुजवून टाकते. अळी आत बसून दाणा खाते, कोषही आतच होतो. बाहेर येतो तो पूर्ण वाढलेला किडा, महिना-दीड महिन्याने. म्हणजे मे महिन्यात स्वच्छ, टपोरा दिसणारा गहू अंडी घेऊनच आलेला असू शकतो. कितीही निवडला तरी ती सापडणार नाहीत. ती वाढतील की नाही, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: ऊब आणि दाण्यातला ओलावा. पावसाळ्यातली २५ ते ३० अंशांची हवा त्यांना अगदी मानवते. ऊब आपल्या हातात नाही. ओलावा आहे. तो १० टक्क्यांच्या आसपास आणला, तर वाढ फार मंदावते. १३-१४ टक्के राहिला, तर दोन महिन्यांत कोठी चालायला लागते.

तपासायचं कसं? दाणा दाढेखाली धरा. कट्ट आवाज होऊन दोन तुकडे झाले, तर कोरडा. दबला, चपटा झाला, तर ओला. आणखी खात्री हवी असेल, तर मिठाची चाचणी करा. मीठ तव्यावर कोरडं करून गार होऊ द्या. कोरड्या काचेच्या बरणीत पाव बरणी धान्य आणि दोन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं, तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. असा माल परत करा किंवा भाव पाडून घ्या, कारण त्यात तुम्ही पाण्याचे पैसे देताय. मीठ चिकटलं नाही, तरी ऊन द्यायचंच आहे.

ऊन देण्यातही चुका होतात. ढीग करून पसरलं, तर वरचाच थर तापतो. थर दोन बोटांपेक्षा जाड नको. सकाळी ११ ते ४, दर तासाला हात फिरवून खालचं वर, असं दोन-तीन दिवस. भिंतीला लागून पसरू नका. उन्हाने बाहेर पडलेले किडे भिंतीवरून परत घरात येतात. तांदळाला मात्र कडक ऊन कधीच देऊ नका. पॉलिश केलेला दाणा तडकतो आणि भातात कणीच कणी होते. तांदूळ सावलीत, वाऱ्यावर पसरावा.

आणि मग येते ती घाई. चार वाजता चादर गोळा करून गरमागरम गहू थेट कोठीत ओतायचा आणि झाकण लावायचं! रात्री कोठीचा पत्रा गार होतो, आतली ऊब वर येते, झाकणाखाली घाम धरतो आणि वरच्या थरावर टपकतो. तीन दिवसांच्या उन्हाचं एका रात्रीत पाणी. धान्य घरात आणून रात्रभर पातळ पसरून ठेवा, सकाळी हाताला पूर्ण गार लागलं की भरा.

कोठीच्या चुका

जुनं धान्य तळाशी ठेवून वर नवं ओतू नका. कोठी पूर्ण रिकामी करा, सांध्यांमधली भुकटी ब्रशने काढा, धुवा, दिवसभर उन्हात पालथी ठेवा. ती फरशीवर थेट ठेवू नका. विटा आणि फळी, किंवा लोखंडी घडवंचीवर, बाहेरच्या भिंतीपासून वीतभर लांब. गळ्यापर्यंत भरा, मोकळी जागा जितकी कमी तितकी हवा कमी. आणि रोज मोठी कोठी उघडू नका. पंधरा दिवसांचं धान्य लहान डब्यात काढून घ्या. पावसाळ्यात ते काढायला एखादा कोरडा, उघडीपीचा दिवस बघा.

औषधांचा भरवसा

कडुलिंबाचा पाला बहुतेक घरांत घालतात, पण हिरवाच घालतात. त्याचं पाणी धान्यातच मुरतं. सावलीत कुरकुरीत वाळलेला असेल तरच थरांमध्ये घाला, आणि त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. एरंडेल किंवा खायचं तेल अख्ख्या कडधान्यांना चांगलं लागू पडतं: किलोला ५ ते १० मिली, हाताने चोळून. कारण भुंगेऱ्याची मादी अंडी दाण्याच्या वर चिकटवते, आणि तेलाच्या थराखाली ती गुदमरतात. गव्हात अंडं आत असल्यामुळे तेलाचा तेवढा उपयोग होत नाही.

बोरिक पावडर खाण्यात जाऊ नये. डाळ-तांदूळ निदान धुतले जातात. गहू-ज्वारी बऱ्याच घरांत न धुताच गिरणीत जातात. पारा असलेल्या गोळ्याही नकोत. आणि गोदामात वापरतात त्या सेल्फॉससारख्या गोळ्या घरात आणूच नका, कुणी ओळखीने दिल्या तरी. त्यातून निघणारा फॉस्फीन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो. या गोळ्या घरगुती वापरासाठी नाहीतच.

कीड लागलीच तर

हात कोपरापर्यंत कोठीत घाला. मधलं धान्य कोमट लागलं, तर कीड आत कामाला लागली आहे, वर एकही किडा दिसत नसला तरी. तळाशी पिठासारखी भुकटी, तांदळात जाळी, मुगावर मोहरीपेक्षाही बारीक पांढरे ठिपके, ही पुढची लक्षणं. तो डबा त्याच दिवशी बाकीच्यांपासून लांब न्या.

ऊन असेल, तर गहू आणि कडधान्यांसाठी हा उपाय करा. काळं प्लास्टिक अंथरा, धान्य एक बोट जाड पसरा, वरून पारदर्शक प्लास्टिक घाला आणि कडांवर विटा ठेवून बंद करा. भर दुपारी दोन-तीन तास. आत ६० अंशांच्या आसपास तापतं आणि दाण्यातल्या अळ्या-अंडीही मरतात. मग चाळा, पाखडा, रात्रभर गार करा. पेरणीचं बियाणं मात्र असं तापवू नका, उगवण कमी होऊ शकते.

पाऊस लागून राहिला असेल, तर दोन-तीन किलोच्या पिशव्या करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर धान्याला दव धरतं.

पोकळ झालेले दाणे काढायला धान्य पाण्यात टाका, ते वर तरंगतात. पण धुतलेलं धान्य त्याच दिवशी कडक उन्हात वाळणार असेल तरच. आणि कुबट वास येत असेल, दाणे हिरवट-काळे पडले असतील, शेंगदाणा कडू लागत असेल, तर तो माल निवडून वापरायच्या भानगडीत पडू नका. बुरशीचं विष भाजून, शिजवून किंवा ऊन दाखवून पूर्ण जात नाही. गुरांनाही घालू नका, टाकून द्या.

आता दळणाचं. कोठी व्यवस्थित असूनही काही घरांत ज्वारीची भाकरी थापताना मोडते आणि दोष ज्वारीला जातो. बहुधा ज्वारी चांगली असते, पीठ जुनं असतं. दोन-तीन आठवड्यांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. तात्पुरता उपाय म्हणजे उकळतं पाणी घालून पीठ मळणं. पुढच्या वेळी ज्वारी आठ-दहा दिवसांपुरतीच दळा, आणि गव्हाचं पीठ पावसाळ्यात पंधरा दिवसांचं.